हवेत इंजिनाची ताकद गेल्यावर या चुका टाळा

सेसना १७२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानाचे इंजिन बंद पडले, तरी वारा नसताना ते दर १,००० फूट उंचीमागे साधारण दीड सागरी मैल तरंगत जाऊ शकते. मात्र त्यासाठी वेग मॉडेलनुसार ६५ ते ६८ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास राखावा लागतो. उतरण्यासाठी निवडलेले शेत लांब वाटते म्हणून विमानाचे नाक वर ओढणे ही सर्वांत घातक चूक होय, कारण त्याने अंतर वाढत नाही, उलट घटते आणि विमान स्टॉलकडे, म्हणजे पंखांची उचल तुटण्याकडे, जाते.

उड्डाणानंतर लगेच ताकद गेली, तर कमी उंचीवरून धावपट्टीकडे परत वळण्याचा मोह आवरावा. ४५ अंश कलून वळताना उंची न सोडल्यास स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. त्यापेक्षा समोरचे शेत, अगदी ओबडधोबड असले तरी, बरे.

कार्ब्युरेटर (हवा आणि इंधन मिसळणारा भाग) असलेल्या इंजिनात दमट हवेत, बाहेर २० अंश तापमान असतानाही, बर्फ साचतो. त्यावर उपाय असलेली कार्ब्युरेटर हीट, म्हणजे आत गरम हवा सोडणारी सोय, चालू केल्यावर वितळलेले पाणी आत जाऊन इंजिन काही क्षण अधिकच खडखडते, आणि घाबरून वैमानिक ती बंद करतो. ती चालूच ठेवावी. ही उष्णता एक्झॉस्टकडून येत असल्याने इंजिन थंडावल्यावर तिचा उपयोग उरत नाही, म्हणून उशीरही नको. त्याच ओघात इंधनाचा सिलेक्टर (टाकी निवडणारी कळ), मिक्स्चर (इंधन-हवेचे प्रमाण) आणि इग्निशन तपासावे. पण या खटपटीत शेत निवडायचे राहून जाते, हे अनेकदा घडते.

बारामती-इंदापूर भागात सरावाची विमाने शेतांवरूनच जातात. २५ जुलै २०२२ रोजी कडबनवाडीच्या शेतात एक सेसना १५२ कोसळले आणि प्रशिक्षणार्थी बचावली. अशा ठिकाणी विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. तेव्हा खांबांच्या ओळी शोधाव्यात, बांध आणि विहिरी टाळाव्यात आणि शक्यतो सरींच्या दिशेने उतरावे. टेकताना वेग जितका कमी तितके बरे: ९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट) इतक्या मंदनाने थांबण्यासाठी ताशी ५० मैलांना सुमारे साडेनऊ फूट पुरतात, १०० मैलांना त्याच्या चौपट.

सेसनाचे फ्लॅप (उतरताना वेग कमी ठेवू देणाऱ्या पंखांच्या झडपा) विजेवर चालतात, त्यामुळे हवे तेवढे फ्लॅप उतरवण्याआधी विजेचा मुख्य, म्हणजे मास्टर स्विच बंद करू नये. इंधन मात्र आधीच तोडावे आणि दाराची कडी टेकण्यापूर्वी उघडून ठेवावी, कारण सांगाडा वाकला की दार अडकते.