अंबरमधला भुंगेरा 'नवीन प्रजाती' म्हणून लिहायला घेताय? आधी या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात रात्री साडेअकराला मित्राचा फोन, "नवीन जीनस सापडली बे, मिशांना दहाच खंड आहेत!" जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट. आता बहुतेक भुंगेऱ्यांच्या मिशांना अकरा खंड असतात म्हणून मीही तशीच गाडी काढली अन् नागपूरच्या धरमपेठेत त्याच्या घरी पोचलो. कूलर धडधडून राहिला, मायक्रोस्कोपखाली म्यानमारच्या कचिन भागातला अंबरचा, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या राळेचा, नखाएवढा खडा. मी तो जरासा कलता केला तर अकरावा खंड एका बुडबुड्यामागून बाहेर आला. झालं, जीनस गेली.

तर पहिली अन् सगळ्यात मोठी चूक हीच, की लोक थेट भुंगेऱ्यावर जातात, खडा वाचतच नाहीत. राळेत अडकताना किडा धडपडतो, पंख अर्धे उघडतात, आतून सुकतो, दबतो, मग छातीवरच्या कवचावर म्हणजे प्रोनोटमवर मस्त खाच दिसते अन् आपण डायग्नोसिसमध्ये, म्हणजे प्रजातीच्या वेगळेपणाच्या खुणांत, लिहून मोकळे. ती खाच डावी-उजवीकडे सारखी आहे का बघा, नसेल तर बहुतेक ती राळेची करामत आहे. रंगावर तर बिलकुल जाऊ नका. बाल्टिक अंबरमध्ये किड्यावर पांढरी दुधाळ साय असते, ती पण त्याची स्वतःची नाही.

खड्याचा पृष्ठभाग गोल असला की आतलं सगळं वाकडं दिसतं. उपाय स्वस्त आहे, वर ग्लिसरीनचा थेंब अन् कव्हरस्लिप, बस. घासून सपाट करायचं असेल तर ओल्या सॅंडपेपरवर, बारीक ग्रिटनेच, अन् दर दोन मिनिटांनी मायक्रोस्कोपखाली बघत. आमच्याकडे एकाने गप्पा मारता मारता मागचा पाय घासून टाकला, सहा पायांचे पाच झाले, आता तो पाय कोणत्या पुस्तकातून आणणार बाप्पा!

पायांवरून आठवलं, टार्ससचे म्हणजे पावलाचे खंड मोजताना फार जण फसतात. पानं खाणारे भुंगेरे अन् सोंडे यांच्यात चौथा खंड एवढासा असतो अन् तिसऱ्याच्या दुभंगलेल्या पाळीत लपून बसतो, म्हणून असतात पाच पण दिसतात चार. सहाही पाय मोजा, खालून-वरून मोजा. काही मोठ्या गटांत मागच्या पायाला खरंच चार असतात, पुढच्या-मधल्याला पाच, म्हणजे 5-5-4. एक खंड चुकला की किडा भलत्याच कुटुंबात जाऊन बसतो. पोट बुडबुड्यांनी झाकलेलं असेल तर मायक्रो-सीटी म्हणजे एक्स-रेने बारीक स्कॅन करून बघा, नराचे जननांग दिसले तर अर्धं भांडण मिटतं.

खडा खरा आहे का हे मात्र सगळ्यात आधी. मिठाच्या दाट पाण्यात अंबर तरंगतं, बरंच प्लास्टिक बुडतं, पण कोपल म्हणजे कोवळी राळ, ती पण तरंगते, त्यामुळे तेवढ्यावर खूश होऊ नका. किड्यापासून लांब एका कोपऱ्यावर अॅसिटोनचा थेंब टाका, चिकट झालं तर कोपल. अन् मोठमोठे लोक फसलेत हो, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधली एक बाल्टिक माशी शंभरावर वर्षं अस्सल मानली गेली, 1993 मध्ये कळलं की खडा मधून कापून, कोरून आत साधी आजकालची माशी बसवली होती. घाईचं उदाहरण तर अजून ताजं आहे, 2020 मध्ये कचिनच्या अंबरमधल्या एका कवटीला सगळ्यात चिमुकला डायनोसॉर-पक्षी म्हणून छापलं, त्याच वर्षी पेपर मागे घ्यावा लागला, निघाली सरड्याच्या जातीची.

तुलना करताना फक्त आजचे जिवंत भुंगेरे घेऊन बसू नका. कचिनचं अंबर साधारण 9 कोटी 90 लाख वर्षांचं, गुजरातच्या लिग्नाइट खाणींतलं सुमारे 5 कोटींचं, बाल्टिक त्याहून तरुण. त्या-त्या थरातून आधी काय-काय वर्णन झालंय ते आधी काढा. आपल्या नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतून मिशनरी हिस्लॉपसाहेबांनी 1850 च्या दशकात किड्यांचे जीवाश्म गोळा केले होते, पण ते दगडातले, त्यांच्याशी अंबरमधल्या केसांची बरोबरी करत बसलात तर वेळ गेला.

नावाचं प्रकरण कोरडं आहे पण इथेच मेहनत वाया जाते. 1999 नंतरच्या नावाला होलोटाइप, म्हणजे ज्यावर नाव टेकलंय तो मूळ नमुना, कोणता ते स्पष्ट सांगावं लागतं अन् तो कुठल्या संग्रहात ठेवला तेही. फक्त ऑनलाइन छापणार असाल तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंद आधी अन् पेपरमध्ये तिचा उल्लेख. होलोटाइप स्वतःच्या कपाटात ठेवू नका, म्युझियमला द्या. कचिनचा खडा असेल तर तो कधी अन् कसा बाहेर आला त्याचे कागद मागा, तिकडच्या खाणींभोवती लढाई चालू असल्यामुळे जर्नलवाले हल्ली हे विचारून राहिले.

अन् म्युझियमला जाईपर्यंत तो खडा खिडकीत ठेवू नका राव! ऊन अन् कोरडी हवा लागली की अंबरला केसासारख्या चिरा पडतात. त्या मित्राचा खडा आता डबीत, डबी कपाटात, कपाट उत्तरेच्या भिंतीला, अन् डबीवर मार्करने लिहिलंय, "अकराच आहेत."