बेसबॉल टीमचा इतिहास कसा वाचायचा, आधी हरलेलं वाचा

आमच्या बेळगावात बेसबॉल म्हटलं की पिक्चरमधल्या गुंडाच्या हातातलं दांडकं, तेवढीच ओळख. मी पण त्यातलाच, पण पुतण्या शिकागोहून तिथल्या कब्स टीमची निळी टोपी घेऊन आला आणि तिथनं नाद लागला (कब्सच लिहितोय, कब्ज म्हटलं की टिळकवाडीतली पोरं हसत सुटतात, आणि गंमत म्हणजे ही टीम १०८ वर्षं तशीच अडकून बसलेली). आता तीच पोरं विचारायलेत एवढा इतिहास वाचायचा कसा, म्हणून लिहायलोय.

पहिलं म्हणजे ट्रॉफ्या मोजत बसू नका. कब्सनी वर्ल्ड सिरीज (म्हणजे सीझनची जास्तीत जास्त सात मॅचांची फायनल) मारली १९०७, १९०८ आणि मग थेट २०१६ ला, झाला की इतिहास एका ओळीत. खरा माल मधल्या वर्षांत हाय. साधी दोनशे पानी वही घ्या, एका पानावर एक सीझन, वरती किती जिंकल्या किती हरल्या. सीझनला १६२ मॅचा असतात, कब्सच्या १९६२ च्या आधी १५४ असायच्या, त्यात ९० जिंकल्या तर बरी टीम, १०० हरल्या तर कामातनं गेली. पण आकड्यांवर पण डोळे झाकून जाऊ नका, १९०६ ला ह्याच कब्सनी ११६ जिंकून फक्त ३६ हरल्या आणि वर्ल्ड सिरीजमध्ये गावातल्याच व्हाइट सॉक्सकडनं मार खाल्ला.

मग बकऱ्याची गोष्ट येणार. १९४५ ला एक बारवाला आपला बकरा घेऊन वर्ल्ड सिरीजच्या मॅचला आला, त्याला बाहेर काढलं, त्यानं शाप दिला. मजेनं वाचा, पण वहीत कारण म्हणून लिहू नका, आपल्याकडं पण हरलं की कुणीतरी लिंबू टाकलं म्हणतातच की. त्यापेक्षा रिग्ली फील्डचे, म्हणजे कब्सच्या घरच्या मैदानाचे, दिवे बघा. १९८८ पर्यंत तिथं फ्लडलाइटच नव्हते, घरच्या मॅचा सगळ्या दिवसा. १९६९ ला ऑगस्टमध्ये पुढं असलेली टीम सप्टेंबरात ढेपाळली आणि न्यूयॉर्क मेट्स पुढं निघून गेले, उन्हानं दमले असं आजपण लोक म्हणतात. एप्रिलमध्ये दुपारची मॅच खेळलेल्याला हे सांगायला नको.

एक डाव मात्र सावकाश बघा, २००३ चा, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या सिरीजमधली फ्लोरिडा मार्लिन्सबरोबर सहावी मॅच, नऊपैकी आठवी इनिंग. कब्स ३-० पुढं, पाच आउट काढले की वर्ल्ड सिरीजमध्ये एंट्री. बॉल स्टँडकडं गेला, प्रेक्षकाचा हात लागला, कब्सच्या मोइझेस अलूचा कॅच हुकला, सगळं शिकागो त्या प्रेक्षकावर तुटून पडलं. पण रिप्ले तिथं थांबवू नका, पुढं कब्सच्याच शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरच्या) हातातनं सोपा बॉल सुटलाय आणि मार्लिन्सनी त्याच इनिंगला ८ रन काढलेत. आमच्या गल्लीच्या टेनिस बॉल टुर्नामेंटात मी पण कॅच सोडलेला, शिव्या पडल्या बाउंड्रीवर मध्ये आलेल्या बारक्या पोराला, आणि मी गप्प बसलो.

२०१२ चं पान बघून घाबरू नका, १०१ हरल्यात. बॉस्टनच्या टीमचा ८६ वर्षांचा ट्रॉफीचा दुष्काळ २००४ ला संपवणारा थिओ एपस्टीन कब्सची टीम बांधायला नुकताच आलेला आणि तो जुने खेळाडू काढून तरणी पोरं गोळा करायला लागलेला. त्या पानावर अँथनी रिझो लिहा, पुढच्या पानावर क्रिस ब्रायंट, आणि तिथनं २०१६ पर्यंत बाण काढा. वर्ल्ड सिरीजची क्लीव्हलँडबरोबर सातवी मॅच, बरोबरी झाली म्हणून जादाची दहावी इनिंग, मध्ये १७ मिनिटं पाऊस, ८-७, आणि शेवटचा आउट ब्रायंटनं उचलून रिझोकडं फेकलेला. आपल्याकडं ३ नोव्हेंबरची सकाळ होती, साडेपाचला चहा टाकून बसलो ते दहा वाजून गेले तरी आंघोळ नाही.

ही वही भरली की दुसरी क्लीव्हलँडची करा. त्या रात्री हरलेले तेच, सिरीजमध्ये ३-१ पुढं होते, आणि त्यांचं शेवटचं जिंकलेलं पान १९४८ चं हाय.