दुसऱ्या चान्सला दिवस राहत नाहीत? तपासण्या कुठून सुरू करायच्या

पहिलीच्या वेळी तिसऱ्याच महिन्यात दिवस राहिले होते, त्यामुळे दुसऱ्या वेळी वर्ष उलटलं तरी आम्ही दोघं निवांत. एकदा झालंय ना, मग होईलच, असं सासूबाई म्हणायच्या, शेजारच्या काकू म्हणायच्या आणि खरं सांगायचं तर मीही तेच म्हणत होते. पण मधल्या पाच वर्षांत माझं सिझर झालं होतं, वजन वाढलं होतं, नवऱ्याला शुगर निघाली होती. पहिलं मूल म्हणजे तेव्हाचा रिपोर्ट, तो आज चालत नाही.

किती थांबायचं? वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून बघा, ३५ पूर्ण झाली असतील तर सहा महिने, आणि चाळिशी आली असेल तर थांबूच नका. पाळी अनियमित असेल, पाळीत खूप दुखत असेल, मध्ये गर्भपात होऊन क्युरेटिंग झालं असेल किंवा पूर्वी टीबी झाला असेल तर वयाचा हिशोब न करता आधीच जा. टीबी फक्त फुप्फुसाचा नसतो हो, गर्भनलिकांचाही होतो आणि आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे.

आणि प्रयत्न म्हणजे दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत दिवसाआड संबंध, डॉक्टर हे स्पष्ट विचारतात. आमची लेक रात्री दोघांच्या मध्ये आडवी झोपते, त्यामुळे आमचं वर्ष खरं म्हणजे चार महिन्यांचंच निघालं, हसू नका, बऱ्याच घरात हेच असतं.

जायच्या आधी कपाटातून पहिल्या बाळंतपणाची फाइल काढा. सिझर का झालं, वार अडकली होती का, नंतर ताप आला होता का, हे डिस्चार्ज कार्डवर असतं आणि डॉक्टरांना तेच हवं असतं, कारण सिझरच्या टाक्यांच्या जागी खाच राहू शकते, आत चिकटलेलं असू शकतं, क्युरेटिंगनंतर पिशवीचं अस्तर खराब होऊ शकतं. कॉपर टी होती का गर्भनिरोधक इंजेक्शन घेत होतात तेही सांगा. कॉपर टी काढली की लगेच दिवस राहू शकतात, पण तीन महिन्यांच्या इंजेक्शननंतर बरेच महिने लागू शकतात. बाळ अजून अंगावर पीत असेल तर तेही सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवऱ्याची तपासणी पहिल्याच आठवड्यात करून घ्या. सिमेन अ‍ॅनालिसिस म्हणजे वीर्याची तपासणी ही सगळ्यात सोपी टेस्ट, सुई नाही, दुखणं नाही, तरी बायकोच्या सगळ्या तपासण्या संपल्यावर याचा नंबर लागतो. "मला एक मूल आहे ना" हे उत्तर आमच्याकडेही आलं होतं. टेस्टच्या आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत आणि सॅम्पल तासाभरात लॅबला पोचलं पाहिजे, अंगाच्या उबेला ठेवून. आम्ही ठाण्यातल्या कासारवडवलीहून नौपाड्याला घरून न्यायचं ठरवलं आणि घोडबंदर रोडला कापूरबावडीच्या अलीकडेच दीड तास गेला, शुक्राणूंची हालचाल कमी आली आणि ती खरंच कमी की ट्रॅफिकमुळे हे कोणालाच सांगता येईना. लॅबमध्येच खोली असते, तिथेच द्या. रिपोर्ट वाईट आला तरी एकावरून काही ठरवू नका, शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात म्हणून साधारण तीन महिन्यांनी परत करतात. तोवर तंबाखू-गुटखा बंद, आणि जिमवाल्याने दिलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर आधी बंद, त्याने शुक्राणू बनणंच थांबू शकतं.

आपल्या तपासण्यांत दिवसाला किंमत आहे. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच, एलएच, इस्ट्राडायोल या हार्मोन्सच्या रक्ततपासण्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, शुगर आणि एएमएच कधीही चालतात. एएमएच कमी आला म्हणून रडत बसू नका, त्यातून अंडी साधारण किती उरलीत एवढंच कळतं, ती चांगली आहेत का किंवा आपोआप दिवस राहतील का हे नाही कळत. प्रोजेस्टेरॉन मात्र पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. सगळे एकविसावा दिवस म्हणतात, तो २८ दिवसांच्या पाळीचा हिशोब आहे, माझी पाळी ३३ दिवसांची, मी एकविसाव्याला जाऊन पैसे घालवले, जायचं होतं सव्विसाव्याला. सोनोग्राफी आतून करतात, अंडं मोठं होताना बघायचं असेल तर नवव्या-दहाव्या दिवसापासून दिवसाआड बोलवतात, तेव्हा स्कूल बसला पोराला कोण चढवणार ते आधी ठरवा.

एचएसजी म्हणजे नळ्या उघड्या आहेत का बघायचा एक्स-रे, पाळी थांबल्यावर, म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात. त्या महिन्यात पाळीपासून टेस्टपर्यंत संबंध नकोत. दुखतं, पाळीच्या जोरदार कळांसारखं, पण काही मिनिटंच, आधी तासभर कुठली पेनकिलर घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, आणि एकटीने रिक्षाने जाऊ नका. नंतर ताप आला किंवा घाण वास येणारा स्राव झाला तर लगेच फोन करा.

जायचं कुठे? पहिल्याच दिवशी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटर गाठायची गरज नाही, आपली नेहमीची गायनॅक पुरते. कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे, वाशीला महापालिकेचं, सुरुवात तिथल्या स्त्रीरोग ओपीडीतही होते. पुढे आयव्हीएफवर गेलातच तर २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणा) कायद्याखालचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट बघायला मागा. आणि "या वेळी मुलगाच" असं घरचं कोणी म्हणालं तर त्यांना सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवरची पाटी वाचायला लावा.

फॉलिक अ‍ॅसिड मात्र रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना विचारून सुरू करा. रिपोर्ट आले की दोघांनी मिळून जा आणि डॉक्टर देतील ती गोळी किती महिने घ्यायची, नाही जमलं तर पुढे काय, हे तिथेच लिहून घ्या. आमची गाडी सध्या माझ्या थायरॉइडच्या गोळीवर आणि नवऱ्याच्या दुसऱ्या सॅम्पलवर अडलीय, ते पुढच्या महिन्यात द्यायचंय, या वेळी लॅबमध्येच जाऊन.