भरताच्या वांग्याचे ओव्हनमधले काप

जळगावकडची हिरवी वांगी म्हणजे कपाशीच्या काड्यांवर भाजून भरीत, हे ठरलेलंच. यंदा ओव्हनमध्ये काप करून पाहिले. कडा तपकिरी झाल्या, पण मधला गर लिबलिबीत! या वांग्यात पाणी भरपूर. ते आधी काढल्याशिवाय काप कुरकुरीत होणं नाही.

मग अर्ध्या सेंटिमीटरचे काप मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवले. खालच्या ताटलीत तपकिरी पाणी साचलं. काप तळहाताने दाबून फडक्यावर टिपले, शेंगदाण्याचं तेल आणि काळा मसाला चोळला, ज्वारीचं पीठ भुरभुरलं. मीठ मुरलेलंच असतं, वरून नको. २०० अंशांवर साधारण २५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. ट्रेमध्ये दाटी केली की वाफ कोंडते. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीशी भरीतच बरं, चहाबरोबर मात्र हे झकास. डब्यात भरू नका, नरम पडतात.