मूळव्याध-फिशरच्या ऑपरेशननंतर शरीरसंबंध: या चुका टाळा

मूळव्याध, फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) किंवा भगंदराचं ऑपरेशन झालं की डिस्चार्जच्या कागदावर इसबगोल असतं, गोळ्या असतात, कोमट पाण्याच्या टबात बसणंही असतं. संबंध कधीपासून ठेवायचे, हे क्वचितच लिहिलेलं असतं. बाई लाजते, डॉक्टर घाईत असतात. फेरतपासणीला जाताना हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे 'जखम मागे आहे, पुढे काय त्रास होणार?' गुदाशय आणि योनी यांच्यात पातळ भिंतच असते आणि दोन्हींना आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू एकच. महिनोन् महिने संडासला जाताना दुखलं असेल, विशेषतः फिशरमध्ये, तर हे स्नायू धास्तीने आवळलेलेच राहतात. जखम भरली तरी ती सवय सुटत नाही. मग संबंधाच्या वेळी जळजळ होते, चमक येते आणि नवऱ्याला वाटतं हिला इच्छाच उरली नाही.

अशा वेळी हटकून कुणीतरी केगलचे व्यायाम, म्हणजे हेच स्नायू आवळून सोडण्याचे व्यायाम, सुचवतं. आधीच आवळलेल्या स्नायूंना आणखी आवळून दुखणं वाढू शकतं. त्याऐवजी उताणं झोपा, गुडघे वाकवा. श्वास आत घेताना पोट फुगू द्या आणि वारा सोडताना करतो तसा खालचा भाग सैल सोडा. कुंथायचं मात्र नाही. जमत नसेल तर या स्नायूंवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट असतात, सर्जनकडून चिठ्ठी घ्या.

मूळव्याधीची कापून केलेली जखम भरायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, भगंदराला बरेचदा त्याहून जास्त. पण नुसतं कॅलेंडर बघू नका. संडास न दुखता होते का, ते बघा. गुदमार्गाचा संबंध सर्जनने तपासून हो म्हणेपर्यंत नकोच.

बधिर करणारी जेली लावून 'उरकून घेणं' ही आणखी एक चूक. दुखणं कळत नाही, जखम उकलते. व्हॅसलीन किंवा खोबरेल तेलाने लेटेक्सचा कंडोम फाटू शकतो, म्हणून पाण्यात विरघळणारं वंगण वापरा. अंगावर पाजत असाल किंवा पाळी गेली असेल, तर कोरडेपणामुळे ते लागतंच. कुशीवर झोपून ताण कमी पडतो.

वारा सुटेल, डाग पडेल या भीतीने अनेकजणी जवळीकच टाळतात. हा त्रास बहुधा काही आठवड्यांत कमी होतो. टिकला तर सर्जनला स्पष्ट सांगा. ताप, पू, वाढतं रक्त किंवा योनीतून वारा वा मळ येत असेल, तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी दाखवा.