पात्राला जीव येईना? रोल-प्लेइंग गेममधून कथा लिहिताना या चुका टाळा

१ जून ते ३१ जुलै हे मासेमारी बंदीचे ६१ दिवस. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर तेव्हा होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. याच दिवसांत आमचा चौघांचा खेळ रंगतो. दिवसा ज्याची त्याची कामं, लावणीची धावपळ. रात्री जेवणं उरकली की पडवीत बसायचं, मधे पितळी परात, परातीत फासे. एकजण खेळ चालवतो, बाकीचे तिघं एकेक पात्र घेतात आणि "आता तू काय करशील?" या प्रश्नाला त्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. ते जमतं की नाही हे फासे ठरवतात. चौघंही कथा लिहिणारे आहोत. आपली माणसं कागदावर उभी राहत नाहीत ही प्रत्येकाची तक्रार होती, म्हणून हे सुरू केलं. आज चार पावसाळ्यांनंतर मी प्रत्येक लिहिणाऱ्याला हा खेळ खेळायला सांगते. पण पहिली दोन वर्षं आम्ही बरीच वाया घालवली. ती तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

शीट भरलं म्हणजे पात्र झालं, असं समजू नका

पहिल्या वर्षी मी एका तांडेलाचं, म्हणजे होडीच्या म्होरक्याचं, पात्र केलं. वय ४७, डाव्या भुवईवर व्रण, आवडता मासा सरंगा, बाप लहानपणीच गेला, सोमवारी देवळात जाणं चुकवत नाही. कॅरेक्टर शीटची, म्हणजे पात्राची माहिती मांडायच्या कागदाची, दोन पानं भरली. खेळ सुरू झाला आणि पहिल्याच प्रसंगात हा माणूस गप्प बसला. त्याला काही करायला भाग पाडेल असं एकही वाक्य त्या दोन पानांत नव्हतं.

याचं एक कारण शीटच्या जन्मात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा रोल-प्लेइंग गेम १९७४ साली आला, तो पटावरच्या युद्धखेळांच्या परंपरेतून. म्हणून ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव असे सहा गुण आकड्यांत मांडायची पद्धत पडली. राक्षसाशी झुंजायला हे आकडे लागतातच. पण लिलावात बांगड्याचा भाव पडला की ताकद १६ असून काय करणार?

आता मी शीटवर तीनच प्रश्न लिहिते. हा कुणाचं देणं लागतो? कुणाशी खोटं बोलतो? काय गेलं तर याला परत मिळणार नाही? देणं पैशाचंच असतं असं नाही, शब्दाचंही असतं. व्रण आणि सरंगा नंतर आपोआप येतात, आणि पुष्कळदा लागतही नाहीत.

पात्र एकट्याने घडवून आणू नका

प्रत्येकाने घरून आपापलं पात्र तयार करून आणलं की पडवीत तीन अनोळखी माणसं जमतात आणि अर्धी रात्र त्यांची ओळख करून देण्यात जाते. जेसन मॉर्निंगस्टार यांच्या २००९च्या 'फियास्को' या खेळात शेजारी बसलेल्या दोघांमधलं नातं आधी ठरतं, माणसं त्या नात्यातून घडतात. आमच्याकडे तर हे फारच सोपं आहे. एका सातबाऱ्यावर अकरा नावं असली की खेळाला नाती कमी पडत नाहीत.

फासा मनासारखा पडला नाही म्हणून पुन्हा टाकू नका

ही आमची सगळ्यांत मोठी चूक. फासा वाईट पडला की आम्ही हळूच पुन्हा टाकायचो, नाहीतर "जमलं नाही" म्हणून पुढे सरकायचो. पहिल्याने पात्र कधी अडचणीत सापडत नाही. दुसऱ्याने अपयशाला काही अर्थच राहत नाही. कुलूप उघडलं नाही, बरं, मग? अपयश आलं की परिस्थिती बदललीच पाहिजे: कुणीतरी पाहिलं, किल्ली आत तुटली, वेळ हातची गेली.

व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१०च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळाने याची फार चांगली सोय केली आहे. दोन फाशांची बेरीज १० किंवा वर आली तर काम फत्ते. ६ किंवा खाली आली तर सूत्रं खेळ चालवणाऱ्याकडे. आणि ७ ते ९ आली तर काम होतं, पण किंमत मोजून. गुणांची भर न घालता पाहिलं तर दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १५ याच मधल्या पट्ट्यात येतात, १० किंवा वर फक्त ६. किंमत मोजून मिळालेलं यश, कथा लिहिणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

दुसऱ्या पावसाळ्यात माझा तो मुका तांडेल मी एका मैत्रिणीला खेळायला दिला. ती मासळीच्या लिलावात काम करते. प्रसंग असा: मे महिन्याचा शेवटचा आठवडा, पश्चिमेला आभाळ भरून आलेलं, इंजिन मधेच धाप टाकतंय, जाळं अजून पाण्यात. जाळं कापून बंदर गाठायचं की ओढून घ्यायचं? तिने फासे उचलले, मुठीत धरले आणि टाकलेच नाहीत. पन्हळीचं पाणी अंगणात पडत होतं, तेवढाच आवाज. मग तिने विचारलं, "ह्या जाळा कोणाचा?"

शीटवर ते लिहिलेलं नव्हतं. तूच सांग, म्हटलं.

"मेव्हण्याचा. हप्ते अजून फिटूक नाय."

बेरीज आली ८. जाळं होडीत आलं, पण ओढताना धाकट्या खलाशाचा हात दोरात सापडला. बंदरात पोचल्यावर तांडेलाने पहिला फोन मेव्हण्याला केला, जाळं वाचलं म्हणून. खलाशाच्या घरी नंतर. दोन पानांत मला न सापडलेला माणूस त्या एका फोनमध्ये सापडला. फासा पुन्हा टाकला असता तर तो फोन झालाच नसता.

बैठक जशीच्या तशी कथा म्हणून उतरवू नका

त्या रात्रीने मी इतकी भारावले की तीन तासांची बैठक तेवीस पानांत लिहून काढली. ती वाचताना आम्हा चौघांना मजा आली, पाचव्याला आली नाही. खेळात तिघं नायक सारख्याच तोलाचे असतात, कारण प्रत्येकाला खेळायची पाळी मिळायला हवी. कथेत ही समान वाटणी चालत नाही. खेळातल्या गमती त्या रात्रीच्या असतात, त्या तिथेच राहू द्याव्यात.

आता खेळताना मी वहीत घटना लिहीत नाही. कुणी फासे हातात धरून थांबलं की तेवढीच खूण करते आणि त्याने विचारलेला प्रश्न लिहिते. तीन तासांत अशा चार-पाच खुणा होतात. कथा तिथेच असते. तेवीस पानांतली मी अखेर चार ठेवली.

आणखी एक अडचण इथे हमखास येते. खेळात हात दोरात सापडला तो फाशाने, आणि ते सगळ्यांना मान्य असतं. कथेत फासा नसतो, त्यामुळे वाचकाला ते लेखिकेने ओढून आणलेलं संकट वाटतं. नशिबाने घडलेलं कथेत आधी पेरावं लागतं. होडी निघण्याआधीच विरलेला दोर कुणाच्या तरी हाताला लागला पाहिजे आणि "या खेपेला चालेल" असं कुणीतरी म्हटलं पाहिजे. शिवाय खेळात आपण बोलून दाखवलेलं कारण कथेत बोलून दाखवायचं नसतं. माझं पहिलं वाक्य होतं: "जाळं मेव्हण्याचं असल्याने आणि हप्ते बाकी असल्याने त्याने ते ओढायचं ठरवलं." आता ते असं आहे: "जाळं आत आल्यावर त्याने आधी ते कुठे फाटलंय का चाचपून पाहिलं. मग पोराचा हात."

संवाद पाठ करून येऊ नका

दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. नटमंडळी आपला रंग आपणच लावतात, आख्यान कुठलं, भूमिका कुणाची, वळणं कुठली एवढं ठरतं आणि शब्द रंगमंचावर सुचतात. पण ते सुचतात कारण नटाला आपलं पात्र कशासाठी हट्ट धरून बसलंय हे पक्कं ठाऊक असतं. जत्रेत पहाटेपर्यंत हे पाहिलेल्या आपल्या लोकांना खेळात बोलायला शिकवावं लागत नाही. फक्त घरून भाषण लिहून आणू नका. आणि कान उघडे ठेवा: आमचा तांडेल खलाशांशी मालवणीत बोलतो, पण बँकेच्या साहेबासमोर पुस्तकी मराठीत शिरतो. ते मी ठरवलं नव्हतं, खेळणारीच्या तोंडून आलं.

सोबतीला कुणी नसेल तर सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे तिथले पारंपरिक पत्ते, वापरून पाहा. दशावतारी संचात १० अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० गोल पानं असतात. कथा अडली की एक पान ओढायचं. परशुराम आला तर मी विचारते, या माणसाची जमीन कुठली, आणि ती कुणाची होती? कृष्ण आला तर, हा कुणाला फसवून वाचवतो आहे? पानाला भविष्य विचारू नका, त्याच्याकडून प्रश्न घ्या.

वाडीतला माणूस जसाच्या तसा उचलू नका

खेळताना ओळखीचा माणूस पटकन तोंडी बसतो. त्याची चाल, त्याचं बोलणं, सगळं तयार मिळतं. पण छोट्या गावात नाव बदलून भागत नाही, छत्री धरायच्या ढबीवरून लोक माणूस ओळखतात, आणि दुखावलेलं घर पुढची वीस वर्षं तुमच्याच वाटेवर असतं. दुसऱ्याने खेळलेलं पात्र वापरायचं तर त्यालाही आधी विचारावं. माझ्या मैत्रिणीने जे शोधलं ते तिचं आहे.

कथा वाचून एकाने मला विचारलंच, "हा आपल्याकडचा अमुक ना?" मनात तो नव्हता, पण दिसत होता. मैत्रिणीची परवानगी होतीच. मी तांडेलाला समुद्रावरून उठवून देवगडच्या बागेत नेला. कराराने घेतलेली हापूसची कलमं, पेट्या वाशीला जायच्या आदल्या रात्री अवकाळी पावसाची चिन्हं, झाडावर चढायला एकच पोरगा. होडी गेली, व्रण गेला, सोमवारचं देऊळ गेलं. नव्या शीटवर ते तीन प्रश्न तेवढे ठेवले, उत्तरं कोरी. मग पुन्हा परात मांडली आणि मैत्रिणीला विचारलं, पोराला आता अंधारात झाडावर चढवतोस का?

तिने फासे उचलले, मुठीत धरले.

"ही कलमा कोणाची?"