खडू फासलेला उमेदवार : प्राचीन रोमवरचा विनोदी ॲनिमेशन-भाग कसा लिहावा

पुण्यात महापालिकेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले की चौकाचौकांत 'भावी नगरसेवक' असे लिहिलेले फ्लेक्स झळकू लागतात, आणि त्यांवरच्या गृहस्थांच्या अंगात हटकून कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा असतो. प्राचीन रोममध्ये पद मागणारा माणूस आपला लोकरी टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचे लांब वस्त्र, खडू फासून आणखी पांढरा करत असे व त्याच वेषात लोकांमध्ये हिंडत असे. 'कँडिडस' म्हणजे लखलखीत पांढरा, त्यावरून असा टोगा नेसणारा तो 'कँडिडेटस', आणि आजचा 'कँडिडेट' हा त्याचाच वंशज. 'ॲम्बिशन' या शब्दाची कुळकथा तर लेखकाच्या याहून उपयोगाची आहे. लॅटिनमध्ये 'अंबिरे' म्हणजे भोवताली फिरणे, मतांसाठी माणसामाणसाला गाठत हिंडणे. त्यातूनच 'अंबितिओ' निघाला, आणि मते विकत घेण्याच्या गुन्ह्याला रोमन कायद्याने दिलेले 'अंबितुस' हे नावही त्यातूनच निघाले. आपली 'महत्त्वाकांक्षा' मनात राहते, रोमन माणसाची पायांत राहत होती. या विषयावर वीस-बावीस मिनिटांचा विनोदी भाग मराठीत लिहू पाहणाऱ्याने हा फरक पहिल्याच दिवशी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर लावावा, कारण पात्राने नुसते 'मला मोठे व्हायचे आहे' असे म्हटले तर कोणी हसत नाही. भर उन्हात, मागे खडूची पूड गाळत, ते अनोळखी माणसांचे हात दाबत निघाले की लोक हसू लागतात.

त्यानंतर साल ठरवावे. 'प्राचीन रोम' हे काही एक साल नव्हे, ते एक हजाराहून अधिक वर्षांचे बोचके आहे, आणि त्यातून हाताला लागेल ते काढत बसले की गोष्टीला बूड राहत नाही. नवख्या लेखकाचा हात नेमका सम्राटांवर पडतो, आणि कॅलिग्युला या सम्राटाने आपल्या घोड्याला कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च वार्षिक अधिकारी, करायचे योजले होते ही सुएटोनियस या चरित्रकाराने नोंदवलेली वदंता त्याला पहिल्या पानावरच आठवते. तिचा मोह टाळावा. ती सर्वांना ठाऊक आहे, आणि शिवाय सम्राटांच्या काळात महत्त्वाकांक्षेची पायपीटच संपली होती : इ. स. १४ मध्ये टायबेरियसच्या कारकिर्दीत अधिकाऱ्यांची निवड लोकांच्या सभेकडून काढून सिनेटकडे देण्यात आली, म्हणजे रस्त्यावर हिंडण्याचे कारणच उरले नाही. माझी शिफारस इ. स. पू. ६४ या सालाची आहे. त्या वर्षी प्रसिद्ध वक्ता सिसेरो कॉन्सलपदासाठी उभा होता, कॅटिलाइन त्याचा प्रतिस्पर्धी होता, मते विकत घेण्याविरुद्ध इ. स. पू. ६७ चा कायदा लागू होता आणि दहा वर्षांच्या हद्दपारीची तरतूद असलेला सिसेरोचा कडक कायदा यायला अजून एक वर्ष होते. या एका वर्षाच्या फटीत आपला कथानायक बसवावा. तो सिसेरो नसावा. तो त्याच शहरात सर्वांत खालचे पद मागणारा, कोणाच्या खिजगणतीत नसलेला इसम असावा.

पदांची शिडी समजल्याशिवाय मात्र एकही प्रसंग लिहू नये. हुकूमशहा सुल्लाच्या सुधारणांनंतर दरवर्षी वीस क्वेस्टर (खजिन्याचे अधिकारी), आठ प्रीटर (न्यायाधिकारी) आणि दोनच कॉन्सल निवडले जात. क्वेस्टर होण्यासाठी वय किमान तीस, प्रीटरसाठी एकोणचाळीस आणि कॉन्सलसाठी बेचाळीस लागे. मध्ये ईडाइल नावाची पायरी होती, तिच्याकडे रस्ते, बाजार आणि सार्वजनिक खेळ असत, आणि ती चढलीच पाहिजे असे नसले तरी लोकांच्या डोळ्यांत भरण्याची तीच जागा होती. सीझरने इ. स. पू. ६५ मध्ये ईडाइल असताना ग्लॅडिएटरांच्या तीनशे वीस जोड्या उतरवल्या असे चरित्रकार प्लुटार्क सांगतो, आणि हा खर्च करणारा माणूस कर्जात बुडालेला होता. ज्यांनी गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च एकदा तरी जवळून पाहिला आहे, त्यांना याहून जास्त समजावून सांगण्याची गरज नाही. वीसांतून दोन उरतात, वयाची घंटा वाजत राहते, आणि योग्य वयाच्या पहिल्याच वर्षी पद मिळाले तर ते मिरवण्याची गोष्ट ठरते : या तीन गोष्टींत सबंध मालिकेचे इंधन आहे. पात्राला वेगळा खलनायक देण्याची गरज नाही, सदतिसावा वाढदिवस पुरतो.

आता घर. घरगुती विनोदी मालिकेत खरी सत्ता बैठकीच्या खोलीची असते, आणि रोमन घराची सोय अशी की राजकारण सकाळी स्वतःच दारात येऊन उभे राहते. आश्रित मंडळी पहाटे आश्रयदात्याच्या घरी मुजऱ्याला जमत. त्यांना काहीबाही खायला किंवा थोडे पैसे मिळत आणि बदल्यात त्यांनी मालकामागून बाजारापर्यंत चालत जायचे असे. म्हणजे कथानायकाची बायको सकाळी उठते तेव्हा ओसरीवर पंधरा परकी माणसे बसलेली असतात. तिच्या तोंडी 'अहो, आज किती पाने मांडायची?' हे एकच वाक्य दिले की प्रसंग उभा राहतो. एका घरातल्या सर्व मुलींना बापाच्या कुळाचे एकच नाव मिळे आणि त्यांना थोरली, धाकटी, तिसरी असे ओळखत. बापाने एकीला हाक मारावी आणि तिघींनी 'ओ' द्यावी, हा विनोद ऐतिहासिक आहे आणि त्याला एक पैसा खर्च नाही. सासरा मात्र हवाच. कर्ज त्याचे असावे.

घरातले सर्वांत महत्त्वाचे पात्र म्हणजे 'नोमेनक्लाटोर', समोरून येणाऱ्या मतदाराचे नाव मालकाच्या कानात सांगणारा गुलाम. मंगल कार्यालयात पाहुण्यांच्या गर्दीत आपल्या मागे उभी राहून 'या कुलकर्णी मावशी, यांच्या धाकटीचे नुकतेच जमले, विचार' असे पुटपुटणारी आत्या ज्यांना आहे, त्यांनी या पात्राचा सूर शोधायला लांब जाऊ नये. पण एक पथ्य कसोशीने पाळावे : गुलाम हसू आणतो, हास्यास्पद होत नाही. गुलामगिरी ही गमतीची गोष्ट नव्हती आणि त्याच्या असहायतेवर काढलेले हसू पाचव्या मिनिटाला घशात अडकते. उलट त्याला स्वतःची महत्त्वाकांक्षा द्यावी. गुलामाला मालकाच्या परवानगीने थोडी पुंजी जमवता येई व ती देऊन सुटका विकत घेता येई. मुक्त झालेल्याला अधिकारपद मिळत नसे, परंतु मुक्तीनंतर जन्मलेल्या त्याच्या मुलाला तो रस्ता निदान कायद्याने मोकळा होता. मालक नावे विसरतो आणि याला सगळ्या रोमची नावे पाठ आहेत. भागातला सर्वांत योग्य उमेदवार कोण हे प्रेक्षकाला दुसऱ्या मिनिटाला कळावे आणि पात्रांपैकी कोणालाही शेवटपर्यंत कळू नये.

विनोद शोधताना आधी कागदपत्रे उघडावीत, कल्पनाशक्ती नंतर. आमच्या गटाने पहिला मसुदा उलट क्रमाने लिहिला होता : रोमन सिनेटर मोबाइल शोधतोय, रथाला पार्किंग मिळत नाही, असले पंचवीस विनोद. सदाशिव पेठेतल्या एका मित्राच्या खोलीत आम्ही स्वतःच लोळून हसलो, आणि पंधरा-वीस श्रोत्यांसमोर वाचन केले तेव्हा तिसऱ्या मिनिटानंतर फक्त पंख्याचा आवाज येत होता. टोगा नेसवलेला आजचा माणूस एकदाच हसवतो. प्रत्यक्ष नोंदी मात्र थक्क करतात. स्किपिओ नासिका या बड्या घरच्या उमेदवाराने मते मागताना एका शेतकऱ्याचा घट्टे पडलेला हात हातात घेतला आणि थट्टेने विचारले, 'तू हातांवर चालतोस की काय?' हे शब्द पसरले, गावाकडच्या मतदारांना झोंबले आणि गृहस्थ पडले. (नासिका हे टोपणनाव लॅटिनमध्येही नाकावरूनच पडलेले आहे, त्यामुळे मराठी कानाला हा विनोद वरकड मिळतो.) सिसेरो हे आडनाव 'हरभरा' या अर्थाच्या शब्दावरून आलेले, नाव बदल असे मित्रांनी सुचवले तेव्हा त्याने नकार दिला, आणि सिसिलीत क्वेस्टर असताना देवाला वाहिलेल्या चांदीच्या वस्तूवर आपली पहिली दोन नावे कोरून तिसऱ्याच्या जागी हरभऱ्याचे चित्र काढायला लावले, असे प्लुटार्क लिहितो. भोपळे, मुळे आणि आवळे ही आडनावे नित्य ऐकणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

याच सिसेरोने स्वतःवर सांगितलेली एक हकिकत तर आख्खा भाग पेलेल इतकी सशक्त आहे. सिसिलीतली कारकीर्द उरकून तो परतला तेव्हा सगळ्या रोममध्ये आपलीच चर्चा चालू असणार अशी त्याची खात्री होती. वाटेत पुतेओली या समुद्रकाठच्या गावी, जिथे श्रीमंत मंडळी हवा खायला जमत, तो उतरला, तर एकाने विचारले, 'रोमहून कधी निघालात, काय खबर?' आपण प्रांतातून येतोय असे त्याने सांगितल्यावर तो म्हणाला, 'हो हो, आफ्रिकेतून ना?' सिसेरो चिडून 'सिसिलीतून' म्हणाला, तेव्हा तिसऱ्या एका सर्वज्ञाने खुलासा केला की 'अहो, हे सिराक्यूजला क्वेस्टर होते, ठाऊक नाही?' सिसेरोचा मुक्काम होता त्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला, लिलिबेउमला. हा सर्वज्ञ पुणेकर नव्हता यावर विश्वास ठेवणे जड जाते. असा प्रसंग घेताना त्यात भर घालू नये. क्रम जसाच्या तसा ठेवावा, कारण रोम, आफ्रिका, चुकीचे सिराक्यूज अशी तीन पायऱ्यांची घसरण त्यात तयारच आहे. आपल्या कथानायकाला सिसेरोच्या जागी बसवावे आणि त्याला ऐकायला फक्त तो गुलाम द्यावा.

प्रचाराच्या युक्त्यांसाठी सिसेरोचा भाऊ क्विंटस याच्या नावावर असलेली छोटी पुस्तिका वाचावी; ती त्यानेच लिहिली का याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, लेखकाला त्याने फरक पडत नाही. बाजाराकडे उतरताना रोज मनाशी म्हणावे, 'मी नवखा आहे, मला कॉन्सलपद हवे आहे, हे रोम आहे', असा तिचा उपदेश आहे. आरशासमोर म्हणायला याहून चांगले वाक्य लिहिता येणार नाही, म्हणून लिहू नये. तेच वापरावे, आणि 'कॉन्सलपद' या शब्दाजागी नायकाचे क्षुद्र पद घालावे.

भाषेबद्दल एक नियम मी हट्टाने पाळतो : पुणे कानात ठेवावे, कागदावर आणू नये. गावांची, पदांची, देवांची नावे रोमनच राहावीत. जुपिटरला इंद्र आणि फोरमला मंडई करू नये. बोलण्याची लय मात्र आपली असावी. आश्रित 'मालक' म्हणतील, सासरा जावयाला तोंडावर 'आपण' आणि पाठीमागे 'तो' म्हणेल, बायको चारचौघांत 'अहो' म्हणेल आणि कर्जाचा विषय निघाला की काहीच म्हणणार नाही. एकांकिका लिहून आलेल्यांनी इथे सावध राहावे. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींत वाढलेली लेखणी लांब स्वगतांवर प्रेम करते. रंगमंचावर नट ते पेलतो, चित्रातला माणूस मात्र तीस सेकंद एकटाच बोलत राहिला की नुसता ओठ हलवणारा कागद दिसतो.

चित्रांचा हिशेब लेखकानेच आधी करावा. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी जातात. एक चित्र दोन चौकटी धरले तरी सेकंदाला बारा चित्रे लागतात, म्हणजे बावीस मिनिटांना पंधरा हजार आठशे चाळीस. एवढी चित्रे चार मित्र काढत नाहीत. म्हणूनच चालण्याचा विषय हा ईश्वरी प्रसाद समजावा : नायकाची एक वॉक सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवायचे चालण्याचे चित्रचक्र, बारा चित्रांत बसते, आणि 'अंबितिओ' म्हणजे फिरणे असल्याने तीच बारा चित्रे सबंध भागभर, मागची पार्श्वभूमी बदलत, हक्काने वापरता येतात. पद वाढेल तसे मागे माणसे वाढवावीत. कॉन्सलपुढे बारा लिक्टर, म्हणजे अधिकाराची खूण म्हणून नेमलेले सेवक, दंडांच्या जुड्या घेऊन चालत. दोन कॉन्सलांमध्ये हा मान महिन्याआड फिरे, तेव्हा 'हा महिना कोणाचा?' हा प्रश्न नायकाच्या स्वप्नदृश्यात बायकोला विचारायला लावावा. खडूची पूड मात्र संगणकावर वेगळ्या थरात ठेवावी, नाहीतर प्रत्येक चित्रात पुन्हा काढावी लागते. आम्ही काढली आहे.

मतदानाचा प्रसंग थोडक्यात आटपावा. कँपस मार्शियस या मतदानाच्या मैदानावरच्या लाकडी कुंपणाला लोक 'मेंढवाडा' म्हणत, हे शब्द कोणाच्या तरी तोंडी पडले की चित्र पुरे होते. निकालाचा प्रसंग दाखवूच नये असे माझे मत आहे. त्याऐवजी शेवटच्या मिनिटाला घर दाखवावे : ओसरी रिकामी, आश्रित दुसऱ्या दारी गेलेले, टोगा धोब्याकडे पाठवण्यासाठी बायको तो अंगणात झटकते आहे आणि पांढऱ्या धुळीत नायक खोकतो आहे. गुलाम तिच्या कानात हळूच नाव सांगतो, नवऱ्याचे. या दृश्याला स्थिर पार्श्वभूमी, हात झटकण्याची सहा चित्रे आणि धुळीचा तो वेगळा थर एवढेच लागते.